गोवऱ्या दिसल्या, तर

गुणवंताच्या ट्रॅक्टरमध्ये गोवऱ्यांचा ढीग आणि त्यावर वांग्यांची टोपली दिसली, तेव्हाच प्रभाकर मास्तरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मास्तरांनी सौंसरच्या शाळेत गणित शिकवण्यात जन्म घालवला होता. 'जर हे, तर ते. जर ते, तर पुढचं' अशी साखळी फळ्यावर मांडली की पोरांनी निमूट शेवटच्या कडीपर्यंत यायचं. निवृत्तीनंतर फळा गेला, पोरं गेली, आणि सगळी साखळी बायकोच्या, अलकाबाईंच्या, गळ्यात पडली.

गुणवंता त्यांचा थोरला भाऊ. रामाकोन्याला दोघांच्या संत्र्याच्या बागा लागून, मधोमध सामाईक विहीर. मोटरच्या पाळीवरून बिनसलं तेव्हापासून भावाभावांत चकार शब्द नव्हता. भांडण झालं त्याच दिवशी गुणवंताच्या बायकोनं, मंगलावहिनीनं, मारुतीला गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांचा आणि वांग्याच्या भाजीचा नवस बोलला, हे गावभर ठाऊक होतं. कशासाठी, ते मात्र तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. मास्तरांना विचारायची गरजच वाटली नाही; तो विहिरीसाठीच, हे त्यांनी धरून टाकलं होतं.

घरी येऊन त्यांनी अलकाबाईंसमोर साखळी मांडली. गोवऱ्या आणि वांगी आहेत, तर बागेत रोडगे भाजणार. रोडगे भाजणार, तर नवस फिटला. नवस फिटला, तर वहिनीला मास्तरांच्या वाट्याची विहीर मिळाली. विहीर मिळाली, तर कोणीतरी सही केली. आणि मास्तरांची बाग होती अलकाबाईंच्या नावावर.

"तू सही केली," मास्तर म्हणाले.

"कायची सही? मी त मेथी निवडून राहिली."

"मंग परवा फोनवर हळूहळू कोनाशी बोलून राहिली होती?"

अलकाबाईंनी मेथीची पुढची जुडी ओढली. नवरे बोलत नसले तरी जावेशी चोरून बोलणं त्यांनी कधी सोडलंच नव्हतं, आणि ते कबूल करायची सोय नव्हती. मास्तरांना मात्र हवी ती कडी मिळाली. विहीर गेली, तर झाडं वाळणार. स्वतः लावलेली झाडं ती, पोटच्या पोरांसारखी जपलेली. त्यांनी बायकोला स्कूटरवर बसवलं आणि तडक रामाकोना गाठलं.

बागेतून धूर निघत होता. आता आणखी पुरावा कशाला हवा? मास्तर तावातावानं थेट भावासमोर उभे राहिले आणि अबोल्याचं विसरूनच गेले.

"भाऊ, माह्या वाट्याची विहीर कोनाले विचारून घेतली?"

गुणवंतानं हातातली गोवरी धुमसत्या ढिगावर टाकली. मग म्हणाला, "कोन घेतली बावा? थंडी पडून राहिली, बहार गळून जाईन म्हनून धूर करून राहिलो. तुह्या बागेतबी केला."

मास्तरांनी बांधापलीकडे पाहिलं. त्यांच्या झाडांखालीही धूर होता. पण संशय इतक्या सहजी जातो थोडाच?

"अन् वांगे?"

"वांगे खायाले आनले."

मास्तर वहिनीकडे वळले. "मंग नवस कायचा होता?"

मंगलावहिनीनं पदरानं डोळे पुसले. "तुम्ही दोघं भाऊ बोलले पायजे, याचा. आज बोलले, भाऊजी." मग तिनं जावेला हाक मारली. "अलका, आमच्या घरून कणिक आन. वांगे हायेतच."

अंधार पडता पडता दोघे भाऊ गोवऱ्यांच्या एकाच आराशी बसले होते. मास्तरांनी पहिला रोडगा मोडला, तुपात बुडवला आणि बायकोकडे वळून म्हणाले, "गोवऱ्या दिसल्या, त रोडगे होनार. मी म्हनलंच होतं."