बंदराचा चहा

हमीदचाचा सभेला जाताना स्वतःची खुर्ची घेऊन जातात.

निळी, प्लास्टिकची, एका हाताला तडा गेलेली. ती डोक्यावर उलटी धरून ते आमच्या आळीतून निघाले, की लोक समजतात, आज कुठेतरी बंदराची बैठक आहे. दुसऱ्या हातात थर्मास असतो. त्याच्या झाकणाला रबर बँड लावलेला, कारण "मधी कोनी उघडला तर कळला पायजे." सभेतल्या खुर्चीवर ते बसत नाहीत, कारण तिच्या पाठीवर कुणाचं तरी नाव रंगवलेलं असतं. आणि सभेतला चहा ते पीत नाहीत. त्यामागची हकिगत मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकली आहे, की मला आता ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखी वाटते.

चाचांचे ट्रक चालत होते, तेव्हाची गोष्ट. बिरवाडीच्या बाजूला कुठल्याशा कारखान्याला शेतांतून पाइप न्यायचा होता. कारखानावाल्यांनी गाववाल्यांची बैठक बोलावली. बैठक म्हणजे भाषण, चहा आणि वडापाव. दारात एक माणूस सह्या घेत होता. कशाला, तर नाश्ता कमी पडू नये म्हणून. पुढे कळलं, की त्या सह्या संमतीच्या होत्या. लोक भांडायला गेले, तर साहेब म्हणाला, "तुम्ही सगळे आला होतात, चहा प्यालात, तेव्हा कुणी नाही म्हणालं का?"

"माझ्या मेव्हण्याच्या शेतातून पाइप गेला," चाचा सांगतात, "नि मी वर चटनी मागून घेतलेली."

त्या दिवसापासून चाचांच्या लेखी सभेतला चहा म्हणजे सही.

तसा संशय त्यांच्यात आधीपासूनच होता. धंद्याने दिलेला. ट्रकवर माल भरला, ताडपत्री टाकली, क्लीनरने गाठ मारली, तरी चाचा गाडी हलवू देत नसत. चाकाला पाय लावून, सगळं अंग मागे टाकून ते स्वतः दोरी ओढून बघत. गाठ महाडात सुटली तर हसू होतं, पोलादपूरच्या पुढे कशेडी घाटात सुटली तर मागच्या गाडीचा जीव जातो. ट्रक विकले, पण दोरी हातातून सुटली नाही. गॅसचा सिलिंडर आला, की तो वाण्याच्या काट्यावर. "दोरी ओढून बघायची." डॉक्टरने गोळ्या दिल्या, की पोलादपूरच्या दुसऱ्या डॉक्टरला फोन. "दोरी ओढून बघायची." मला चाकणहून स्थळ आलं, तेव्हा माझ्या बाबांनी मुलाचा पगार विचारला. चाचांनी मुलाच्या कंपनीच्या गेटवर माल उतरवणाऱ्या एका जुन्या ड्रायव्हरला फोन केला. मुलगा वॉचमनला 'ए' म्हणून हाक मारतो, एवढंच कळलं. मला तेवढं पुरलं.

आमचं घर त्यांच्या समोर. लहानपणापासून मी त्यांना खिडकीतून बघत आले आहे. मी फारशी कुणाशी बोलत नाही, आणि नेमकं हेच त्यांना पसंत पडलं. "मधुरा बोलत नाय," ते बाबांना म्हणाले, "बोलनाऱ्या मानसाला कोनीतरी पढवलेला असतो." त्यानंतर ते बंदराचे कागद घेऊन माझ्याकडे येऊ लागले, कारण मी इंग्रजी माध्यमातली. प्रत्येक कागद दोन भाषांत असायचा, आणि चाचांचा दोन्हींवर राग. "इंग्रजीत लिवतात ते लपवायला, न मराठीत लिवतात ते दमवायला." यातलं दुसरं मला पटायचं. त्या कागदांवरचं मराठी मला इंग्रजी वाचल्याशिवाय कळत नसे.

त्यांची वाचून घेण्याची रीत ठरलेली होती. "आधी मनात वाच. तोंड बघू दे तुझा." मी वाचायची, ते माझा चेहरा वाचायचे. मग मी मराठीत सांगायची. ते ऐकून ते आईशी हवापाण्याच्या गप्पा मारायचे, आणि माझं लक्ष नाही असं बघून एकदम विचारायचे, "काय सांगितलास मगाशी? परत सांग." दोन्ही वेळेला तेच निघालं, तरी समाधान नसे. कागद घेऊन ते कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्या नितीनकडे जात आणि त्याच्याकडूनही अर्थ काढून घेत. नितीनचं आणि माझं जुळलं, की मगच ते म्हणत, "पोरगी बरोबर हाय."

आता बंदराविषयी. सावित्री जिथे समुद्राला मिळते तिकडे मोठं व्यापारी बंदर होणार आणि महाडच्या खाली खाडीत मालाच्या बोटींसाठी धक्का, गोदामं, ट्रेलरचा तळ होणार, हे मी शाळेत असल्यापासून ऐकते आहे. निवडणूक आली की बंदर जवळ येतं. निकाल लागला की पुन्हा समुद्रात जातं.

आमच्याकडे दोन पुढारी, भाऊ आणि आप्पा. भाऊ बंदराच्या बाजूने होते. बंदर झालं की नदीतला गाळ निघेल, महाडात पूर येणार नाही, असं सांगायचे. आप्पा विरोधात. बंदरासाठी भराव पडेल, पूर दुप्पट चढेल, हे त्यांचं म्हणणं. मग मुंबईत काहीतरी हललं आणि दोघे एका व्यासपीठावर आले. मग पुन्हा काहीतरी हललं आणि दोघे वेगळे झाले. पण या गडबडीत बाजूंची अदलाबदल झाली. आप्पा गाळ काढू लागले आणि भाऊ भरावाला घाबरू लागले. अलीकडे दोघेही पुन्हा एकत्र, आणि दोघांनाही बंदर हवंच आहे. चाचा दोघांच्याही सभेला गेले होते. म्हणाले, "भाषन तेच हाय. तोंडा बदललेत फक्त."

भाऊंचा एक कार्यकर्ता आहे, राजू. आमच्या आळीची जबाबदारी त्याच्याकडे. आळीतले निम्मे लोक ट्रक-टेम्पोवाले, उरलेल्यांच्या घरातलं कुणी ना कुणी आखातात. चाचा नाही म्हणाले तर आळी नाही म्हणते, हे राजूला ठाऊक. म्हणून प्रत्येक सभेत तो ट्रे घेऊन निळ्या खुर्चीपाशी थांबायचा.

"चाचा, अर्धा कप."

"तुझ्या घरी येतो ना. तुझ्या आईच्या हातचा पितो. भाऊंचा नको."

"भाऊंचा आणि आईचा, चहापत्ती एकच आहे हो!"

"मंग आईला सांबाळ."

चाचांचा मुलगा फैयाज आखातातल्या एका बंदरात क्रेन चालवतो. त्याने पाठवलेला फोटो मी पाहिला आहे. खूप उंचावर काचेची खोली, खाली कंटेनर काडेपेटीसारखे. त्याच्याबद्दल चाचा जेवढ्यास तेवढं बोलतात. "एशीत बसतो. त्याला काय कमी हाय?" चाची गेल्या तेव्हा फैयाज पोचला तो माती झाल्यावर. चाचांनी त्याला जवळ घेतलं नाही की ते रडले नाहीत. दारात उभे राहून विमानाच्या तिकिटाची चौकशी करत राहिले. कुणी काढून दिलं, थेट का नाही काढलं, मधे कुठे बसवून ठेवलं. "तिकीटवाल्यानी फसवलान तुला," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मोठ्या पुरात आमच्या दोन्ही घरांतली माणसं आमच्या गच्चीवर होती. वरून हेलिकॉप्टरमधून खाण्याची पाकिटं आली. चाचांनी सगळ्यांना थांबवून आधी त्यांवरची तारीख तपासली. आम्ही त्या तशातही हसलो. फोन केव्हाच बंद पडले होते. तरी चाचांनी स्वतःचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टोपीखाली ठेवला होता आणि मधूनमधून काढून बघत होते. मला वाटलं, सरकारचा काही निरोप येतोय का ते बघत असतील.

या वर्षी जनसुनावणीची नोटीस लागली, आणि चाचा विचित्र वागू लागले.

नोटिशीसोबत एक जाड अहवाल होता. एरवी ते मला पहिल्या पानापासून जुंपायचे. या वेळी त्यांना एकच परिच्छेद हवा होता, नोकऱ्यांचा. "क्रेनचालक व इतर कुशल पदांसाठी स्थानिकांना प्राधान्य." मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. दोन दिवसांनी पुन्हा आले. "तेच वाच." मग पुन्हा. "स्थानिक म्हंजे कोन गो? हिथं जल्मलेला, का हिथं ऱ्हानारा?" ते कागदात नव्हतं. भरावाचं, गाळाचं, खाडीतल्या मासळीचं, कशाचंच त्यांनी काही विचारलं नाही.

नितीन झेरॉक्सवाला म्हणाला, चाचांनी फक्त त्या एका पानाची कॉपी काढून नेली. एका संध्याकाळी राजूची मोटारसायकल त्यांच्या दारात बराच वेळ दिसली. आळीत कुजबुज सुरू झाली, "चाचा फुटले."

"हमीदभाई? शक्य नाही," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पण बंदराचं काही सांगता येत नाही."

मला त्यांनीच संशय घ्यायला शिकवलं होतं. पुढच्या वेळी ते आले, तेव्हा मी त्यांचीच दोरी ओढून बघितली. वाचताना मुद्दाम म्हटलं, "कुशल पदांसाठी स्थानिकांना प्राधान्य."

"क्रेन ऱ्हायली," चाचा तिथल्या तिथे म्हणाले.

म्हणजे त्यांना ते पाठ होतं. मग माझ्याकडे कशाला येत होते? रात्रभर विचार करून मी निष्कर्ष काढला, की चाचा बंदराला क्रेन भाड्याने देण्याचं कंत्राट घेणार आहेत आणि राजू मध्यस्थ आहे. इतका चोख निष्कर्ष आणि त्यात फैयाज कुठेच नव्हता.

सुनावणीला ते मला बरोबर घेऊन गेले. पडद्यावर इंग्रजी आलं तर वाचायला. मला धाकधूक ही, की हे मला बोलायला उभं करतील. सभागृहात निळी खुर्ची मधल्या वाटेत टाकल्यावर हवालदार म्हणाला, "चाचा, दरवेळी काय हो?" चाचा म्हणाले, "दरवेळी तुमीच असता, मी काय बोलतो का?" मंचावर सुनावणी घेणारे साहेब, त्यांच्या एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला आप्पा. दोघे एकमेकांकडे बघून हसत होते. आमच्या मागच्या रांगांत सगळी आळी बसली होती, आणि त्यांची नजर मंचावर नव्हती, चाचांवर होती.

नाव पुकारलं गेलं. चाचा उठले. माइक हातात घेऊन आधी त्यांनी त्याची वायर कुठे जाते ते बघितलं.

"साहेब, क्रेनवर स्थानिक मानूस घेनार असा कागदात हाय. आता समजा मानूस हिथलाच हाय. जल्म हिथला, शाळा हिथली, आई हिथंच मातीत. पन पोटासाठी लय वर्सा भायेर हाय. तो स्थानिक धरनार का नाय?"

भाऊंनी राजूकडे बघितलं. राजूने खांदे उडवले. म्हणजे त्यालाही हे माहीत नव्हतं. माझं कंत्राट तिथेच कोसळलं.

"काका, प्रकल्पाबद्दल आपलं मत काय?" साहेबांनी विचारलं.

"मत मागनं देतो. आदी ह्याचा सांगा."

साहेबांनी शेजारच्याशी काही बोलायचीही तसदी घेतली नाही. पुढचं नाव शोधत म्हणाले, "धरू की. का नाही धरणार?"

मी वाट बघत होते. आता चाचा विचारणार, कुठे लिहिलंय, कोण धरणार, तुमची बदली झाली तर कोण. 'धरू की' या दोन शब्दांना गाठ म्हणून नव्हती, हे मलासुद्धा दिसत होतं. पण चाचांनी माइक परत दिला आणि खाली बसले. मागे कुणीतरी म्हणालं, "झाला? एवढाच?"

मग चहा आला. राजू सवयीने निळी खुर्ची टाळून पुढे निघाला होता. चाचांनी हात पुढे केला.

"चाचा," राजू हळूच म्हणाला, "हा भाऊंचा आहे."

"माहीत हाय. दे."

त्यांनी कागदी कप दोन्ही हातांत धरला आणि फुंकर घालत, सावकाश, पूर्ण प्याले. मागच्या रांगेत दोघांनी आपापले कप घेतले, एकाने घेतलेला खाली ठेवला. राजू ट्रे घेऊन तिथेच उभा. इतक्या वर्षांनी मिळालेल्या यशाचं काय करायचं, ते त्याला सुचेना.

बाहेर पायरीवर बसून त्यांनी मला फैयाजला फोन लावायला सांगितलं. खुर्ची मी धरली. फोन नेहमीप्रमाणे स्पीकरवर, कारण कानाला लावून बोलणाऱ्यांवर त्यांचा विश्वास नाही.

"अब्बा? काय झाला?"

"काय नाय. आज त्यांचा चाय प्यालो."



"तब्येत बरी हाय ना तुमची?"

"साखर जास्ती होती." चाचा म्हणाले. "साहेबाला विचारला. भायेर कामाला हाय तो स्थानिक धरनार का. धरू की म्हनाला."

फैयाज हसला असावा. "नि तुमी ऐकून घेतलात? दोरी ओढून बघितलीत का नाय?"

चाचांनी मांडीवरच्या थर्मासकडे बघितलं. रबर बँड सकाळी लावला होता तसाच होता.

"नाय."

"का?"

"ऱ्हाव दे रे," चाचा म्हणाले. "सुटली तर?"