पाट हाय का?

म्हात्रेकाका आमचा कॉम्प्युटर नखाने वाजवून बघायचे. पडद्याच्या कोपऱ्यात टक्‌टक्‌, कान जवळ नेऊन. मग मला विचारायचे, "मॅडम, वाळला का?"

पेणच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात काकांचा सारा जन्म गेला. कच्ची मूर्ती वाजवून बघायची, वाळल्याशिवाय रंग लावायचा नाही, ही सवय. नव्वद सालानंतर मालकांनी गिऱ्हाइकांची माहिती ठेवायला कॉम्प्युटर आणला, तेव्हा त्यालाही काकांनी तोच नियम लावला. प्रोग्राममध्ये काही बदललं, की बदल चार दिवस वाळवायचा. तोवर स्वतः हात लावायचे नाहीत, दुसऱ्यालाही लावू द्यायचे नाहीत.

हे बदल सांभाळणं माझ्याकडे होतं. माझी पद्धत ठरलेली. मागणी कागदावर द्या, एका वेळी एकच. आधी फ्लॉपीवर जुनी नक्कल, मग पनवेलहून प्रोग्राम लिहिणारे साठे येऊन बदल करणार. सगळ्यांनी हे ऐकलं. काकांनी जरा जास्तच ऐकलं. दर सोमवारी कागद घेऊन हजर.

"गिऱ्हाईक चहा घेतो का, साखर किती, हा खाना पायजे."

"कशाला?"

"चहा बिघडला, का मूर्तीच्या डोळ्यात खोट काढतात."

पुढच्या सोमवारी 'घरात शेवटचा शब्द कोणाचा'. मग 'उंदीर', म्हणजे मूर्तीपुढचा उंदीर केवढा लागतो. साठे वैतागले, "काका, सोयरीक जुळवायची नाहीये आपल्याला."

"गिऱ्हाईक म्हंजे सोयरीकच. नाय तर काय?"

मी सगळे कागद 'नामंजूर' फाइलीत लावले.

मग एका वर्षी मशीनमधली जागा भरली. तीन वर्षं ज्यांनी मूर्ती नेली नाही त्यांची नावं काढून टाकू, असं साठे म्हणाले. मालकांनी मान डोलावली, मी दिवस ठरवला. सोमवार नसताना काका आले. पडदा वाजवला नाही.

"एक खाना टाका. पाट हाय का. पाट हाय त्याचं नाव काढायचं नाय."

आमच्याकडची रीत अशी, की विसर्जन झालं की बरीच घरं मूर्तीचा पाट कारखान्यात आणून ठेवतात. पाट ठेवला, म्हणजे पुढची मूर्ती आमच्याकडूनच. दुसरीकडे जायचं असेल तर माणूस आधी पाट मागून नेतो.

"असे पडून राहिलेले पाट आहेत तरी किती?"

"मोजून देतो. तुमी माळ्यावर नका चढू."

असं म्हटलं की मी चढतेच. धुळीने भरलेले पाट रांगेत उभे होते. एकच तेवढा पुसलेला, खोबरेल लावलेला. मागे रंगाने नाव : अजय दत्तू म्हात्रे, रोहा.

"तुमचा अजय?"

"वायला झाला, येगळी चूल मांडली. रोह्याला कंपनीत शिफ्टला असतो. पयला गणपती इथनं नेला, पाट आणून ठेवला. मंग आमचं वाजलं. चार वर्सं बोलणं नाय." पाटावर नसलेली धूळ काका पुसत राहिले. "पण पाट न्यायला आला नाय, मॅडम. आला असता, तर समजलो असतो."

खाली येऊन कागद मीच लिहिला. खाना : पाट. हो किंवा नाही. साठे कुरकुरले, पण त्यांनी जागा काढली. त्याच कागदावर मी आणखी एक बदल घुसवला. गणपतीआधी आम्ही गिऱ्हाइकांना आठवणीचं कार्ड पाठवायचो; पाट असेल त्या घरच्या कार्डावर एक ओळ आपोआप छापली जाईल : 'आपला पाट आमच्याकडे सुखरूप आहे.' काकांनी पडदा वाजवला, बदल चार दिवस वाळवला, मग कार्डं टपालात पडली.

एका दुपारी रोह्याच्या गाडीने आलेला, कंपनीचा शर्ट घातलेला तरुण माझ्या टेबलासमोर उभा राहिला. हातात कार्ड.

"म्हात्रे. पाट बघायला आलोय."

आत मूर्तींवरची टक्‌टक्‌ थांबली. काका बाहेर आले. दोघं एकमेकांच्या पायांकडे बघत राहिले.

"मूर्ती तेवडीच?" शेवटी काकांनी विचारलं.

"व्हय. उंदीर जरा मोठा. पोरगी मागते."

काकांनी हाताची माती पुसली. मग म्हणाले, "चहा घेशील? साखर दोन चमचेच ना अजून?"

"व्हय, बाबा."

मी हुश्श केलं. तेवढ्यात काका माझ्याकडे वळले. डोळे भरलेले, बोट पडद्याकडे. "लिवून घ्या, मॅडम. साखर दोन. उंदीर मोठा."

खाना नव्हता. मी फोन उचलला आणि साठ्यांना म्हटलं, "सोमवारी या."