एल्फला झोप नसते

खेळातली रात्र झाली की मार्लिस वैतागायची.

आठवडाभर ती बेकरीत पहाटेची पाळी करायची, आणि रविवारी दुपारी आंबलेलं अंग घेऊन बहिणीच्या, रोडाच्या तळघरात खेळायला यायची. विस्कॉन्सिनच्या फेब्रुवारीत बाहेर बर्फाशिवाय काही नसतं. चार घटका हसावं, आयतं गरम खावं, एवढीच तिची अपेक्षा होती. खेळ कल्पनेतल्या साहसाचा: प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि त्याचं काय होतं ते फासे टाकून ठरवायचं. पात्र निवडताना तिने नियमांच्या पुस्तकातलं चित्र बघून एल्फ, म्हणजे परीकथेतली रानपरी घेतली. लांब टोकदार कान, सडसडीत बांधा, शेकडो वर्षं जगूनही चेहऱ्यावर सुरकुती नाही. पन्नाशीच्या बाईला आणखी काय हवं? एल्फ झोपत नाहीत हे पुढच्या पानावर होतं, आणि ते पान तिने उलटलंच नव्हतं.

"रात्र झाली," गॉर्डी पुठ्ठ्याच्या आडोशामागून म्हणाला. खेळ चालवणारा तो. राक्षस, पाऊसपाणी, नियम सगळं त्याच्या हातात. "पहारा कोण देणार?"

"मार्लिस," रोडा आणि तिचा नवरा डेलमार एका सुरात म्हणाले आणि वर जेवायला गेले. त्यांची पात्रं झोपली की त्यांना सुट्टी. वरून ओव्हनमधल्या चीज-बटाट्यांचा वास येत राहिला आणि मार्लिस खाली फासे टाकत राहिली. ती वर पोचली तेव्हा भांड्यात खरवड उरली होती.

मग दर रविवारी हेच. एकदा एका चेटकिणीने सगळ्यांवर झोपेचा मंत्र टाकला. मार्लिसला कोण आनंद झाला. ती ताटली घेऊन उठलीसुद्धा.

"बस खाली," गॉर्डी पुस्तकावर बोट ठेवून म्हणाला. "एल्फवर झोपेचा मंत्र चालत नाही."

चेटकिणीशी ती एकटीच लढली. पुढच्या रविवारी तिने जिवावर उदार होऊन एल्फला पुलावरून खाली उडी मारायला लावली. मेली तर सुंठीवाचून खोकला जाईल. पण वीस बाजूंच्या फाशावर नेमके वीस, म्हणजे सगळ्यात भारी दान पडलं आणि एल्फ एका फांदीवर अलगद उतरली. डेलमारने टाळ्या वाजवल्या.

"गॉर्डी, ही बया अजून किती वर्षं जगणार रे?" मार्लिसने विचारलं.

"सहाशे तरी."

मार्लिसने कपाळाला हात लावला. त्या दिवशी खेळात अंधार पडला तसा तिने कोट उचलला. "मी निघते. आठवडाभर जगाच्या आधी उठते, आणि इथेही मीच जागी? त्यापेक्षा घरी जाऊन पडते."

रोडा चपापली. "अगं, आधी बोलायचंस की. डेलमार, आज तू पहारा दे."

"मी? माझा बुटका योद्धा दिवसभर कुऱ्हाड चालवतोय."

"आणि ती काय गवत उपटतेय? बस गुमान."

मार्लिस वर गेली. आयुष्यात पहिल्यांदा काठोकाठ भरलेलं भांडं तिच्यापुढे होतं. तिने मोठा चमचा भरून वाढून घेतलं, तेवढ्यात खालून हाक आली. डेलमारच्या फाशावर एक, म्हणजे सगळ्यात वाईट दान पडलं होतं.

"बुटका घोरतोय," गॉर्डी गंभीरपणे सांगत होता. "डोंगरातले चोर आले. डेलमार, तू मेलास. रोडा, तूही."

"मी झोपेतच गेलो?"

"घोरता घोरता. मार्लिस, तू ये खाली. एल्फ जागी आहे, तिने सगळं ऐकलंय."

मार्लिस ताटली हातात घेऊनच खाली आली. एका हाताने फासे टाकून तिने चोर पळवून लावले. बटाटे गार झाले. मेलेले दोघे मजेत वर जेवायला गेले.

"त्यांना जिवंत करता येतं," गॉर्डी म्हणाला. "देऊळ तीन दिवसांवर आहे. दोघांना गाढवावर घालून न्यावं लागेल. पण आता रात्र आहे. पहारा कोण..." त्याने टेबलाभोवती पाहिलं.

मार्लिसने ताटलीतल्या गार बटाट्यांकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "गॉर्डी, मेलेल्यांना पहारा लागतो का?"

गॉर्डीने पुस्तक उघडलं. पुढची पानं चाळली, मागची चाळली. "तसं काही लिहिलेलं नाही," तो नाइलाजाने म्हणाला.

मार्लिस उठली. वर जाऊन तिने ताटली नव्याने भरली, सोफ्यावर पाय पसरले आणि मांडीवर रजई घेतली.

"अगं, आम्हाला देवळात कधी नेणार?" डेलमारने काळजीने विचारलं.

"नेईन," मार्लिस पहिला घास घेत म्हणाली. "आधी झोपा पोटभर."