यानभाऊंच्या पुस्तकातली एकच थाप

आंजर्ल्याच्या गणपतीच्या पायऱ्या यानभाऊंनी चढताना मोजल्या, उतरताना मोजल्या. दोन आकड्यांत एकाचा फरक आला. दुसरा कोणी असता तर प्रसाद खाऊन घरी आला असता. यानभाऊ भर दुपारी पुन्हा चढले, तेही अनवाणी. दुसऱ्या दिवशी माझ्या आईने तळपायांना लावायला खोबरेल दिलं, तरी स्वारी खुशीत! चूक सापडली होती ना. उतरताना एका पायरीवर कुत्रं झोपलेलं होतं, ती पायरी त्यांनी ओलांडली होती.

यानभाऊ हॉलंडचे. तिकडच्या जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झाले आणि इथे राहून पुस्तक लिहायचं म्हणून पालीजवळच्या आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत येऊन राहिले. पहिल्या दिवशी नाव ऐकून आई म्हणाली, "यान? म्हणजे चंद्रावर गेलं ते?"

"नाही," ते गंभीरपणे म्हणाले, "मी मुंबईपर्यंत विमानाने आणि पुढे एसटीने आलो."

मराठी ते पुस्तकातून शिकलेले. कोळणीला म्हणायचे, "भगिनी, या मत्स्याचे नाव पुनश्च उच्चारावे." ती बिचारी टोपली खाली ठेवून हसत सुटायची.

"भारतावर लिहिणारे फार थापा मारतात," ते मला सांगायचे. "हत्ती, साधू, साप. मी फक्त खरं लिहिणार." तीन माणसांनी सांगितल्याशिवाय गोष्ट वहीत जायची नाही. कुणी काही बोललं की लगेच "नक्की?"

शेजारचे गोपाळमामा एकदा म्हणाले, फणस उद्या पिकेल. दुसऱ्या दिवशी सहा वाजता यानभाऊ झाडाखाली हजर.

"उद्या आला."

"अहो, उद्या म्हणजे उद्याच नाय!"

"मग कधी?"

"उद्या-परवा!"

समोरच्या मेहरूनचाचींनी एकदा "हे काय, इथंच पलीकडे" म्हणून नदीची वाट दाखवली, तर हे तासाभराने घामाघूम होऊन परतले. वहीत नोंद झाली: 'इथंच' म्हणजे एक तास. 'जरा लांब' म्हणाले तर निघूच नये.

गेल्या महिन्यात पुस्तकाचा पहिला भाग इंग्रजीत लिहून झाला. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून गावांची आणि माणसांची नावं तपासायला त्यांनी तो माझ्याकडे दिला. मी पडवीत बसून एकटीच खिदळत होते. मग एक प्रकरण आलं: 'माझा पासष्टावा वाढदिवस'. अख्खी वाडी अंगणात जमली. गोपाळमामांनी गाणं म्हटलं. मेहरूनचाचींनी फणसाची सांदणं आणली. आईने ओवाळलं.

मी पान उलटसुलट करून पाहिलं. असलं काहीच घडलं नव्हतं.

"यानभाऊ, हे कधी झालं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "नाही झालं."

"वाढदिवस होता? आम्हाला सांगितलं नाहीत ते?"

"सकाळी नवा शर्ट घालून इथे बसलो होतो. वाटलं, कोणीतरी विचारेल, आज नवा शर्ट कसा? सगळे घाईत होते." चष्मा परत डोळ्यांवर चढवत म्हणाले, "मुलगीसुद्धा आता फोन करत नाही. लिहिताना हात असाच पुढे गेला. ते पान फाडून टाक."

उंबऱ्यात आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "फाडायचं कशाला? येत्या रविवारी करू की."

"पण तारीख उलटून गेली."

"पुस्तक अजून छापायचंय ना?"

रविवारी अंगण भरलं. सांदणं आली. गोपाळमामा इतकं बेसूर गायले की गोठ्यातली गाय हंबरली आणि सगळं अंगण हसून लोळलं. यानभाऊ पाटावर ताठ बसले होते. आईने कुंकू लावलं, तबक उचललं, तसे त्यांनी डोळे मिटून घेतले.

"डोळे उघडा हो भाऊ, ओवाळत्ये ना मी," आई म्हणाली.

त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच 'नको' अशी मान हलवली. ओवाळून झालं, आईने तबक खाली ठेवलं, तरी ते तसेच बसून होते. मग आईच त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली.