अस्वलमहाराजांच्या कचेरीतला संगणक

एका जंगलात एक संगणक होता. एकच होता ना? मला नीटसं आठवत नाही, मुलांनो. पण दोन असते तर ही गोष्ट घडलीच नसती. म्हणजे एकच असणार.

तो टेकडीवर, अस्वलमहाराजांच्या कचेरीत होता. त्याला एक भोंगा जोडलेला होता. नदी चढली की भोंगा वाजवायचा आणि खालच्या बिळांतल्यांनी वर पळायचं, अशी रीत होती.

गवेअण्णांना संगणकावर जुनी सिस्टीम हवी होती. शेकरूला नवी.

"अण्णा, तुमची सुरू होईपर्यंत तुमचं रवंथ आटोपतं," शेकरू म्हणालं.

"आणि तुझी नुसत्या उड्या मारते. काम कधी करते?"

महाराजांना दोघांनाही दुखवायचं नव्हतं. त्यांनी संगणकाच्या पोटाचे दोन भाग केले आणि दोन्ही सिस्टीम बसवल्या. आता संगणक सुरू केला की तो आधी विचारी: जुनी की नवी?

कोणी उत्तर दिलं नाही, तर आपोआप कोणती सुरू व्हावी? यावर सभांमागून सभा झाल्या. शेवटी ठरलं, आपोआप काहीच सुरू होऊ नये. संगणकाने थांबावं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

एका दुपारी साळूबाई साळिंदर धापा टाकत कचेरीत शिरली. नदी चढताना तिला जिथे दिसली, तिथून तिचं बीळ लांब होतं, कचेरी जवळ.

"महाराज, नदी चढतेय! खाली माझी पिल्लं झोपलीत. भोंगा वाजवा!"

संगणक सुरू केला. त्याने विचारलं. गवेअण्णांनी 'जुनी'कडे खूर नेला. शेकरूने बटण दाबून संगणक बंद केला. पुन्हा सुरू केला. शेकरू 'नवी'कडे झेपावलं. अण्णांनी बंद केला.

"भांडू नका," महाराज म्हणाले. "मत घेऊ."

"माझं मत घ्या!" साळूबाई ओरडली. "कोणतीही चालेल!"

महाराजांनी चष्मा पुसून पडदा वाचला. "बाई, 'कोणतीही' असा पर्याय इथे नाही."

साळूबाई धावत सुटली. महाराजांनी याला सभात्याग म्हटलं.

ती पोचली तेव्हा बिळाच्या जागी पाणी होतं.

पिल्लांसाठी शोकसभा दोन झाल्या. एक जुन्यांची, एक नव्यांची.

बऱ्याच वर्षांनी मी मुद्दाम त्या कचेरीत जाऊन पाहिलं. आधी जुनी सिस्टीम लावली, मग नवी. भोंगा दोन्हींतून वाजत होता.

तात्पर्य: मुलांनो, निवडायची वेळ आली की थांबावं. जो निवडतच नाही, त्याची निवड कधी चुकत नाही. बुडतात ते दुसरेच.