सत्तावीस हजार सातशे विसावा दिवस

आमच्या चाळीतले भोईरकाका आपलं वय वर्षांत सांगत नाहीत, दिवसांत सांगतात. सकाळी नळावर भेटले की जाहीर करतात, "आज सत्तावीस हजार सातशे एक. मूळ संख्या हाय. आज कुनाकडं येनं न्हाय!"

येणं म्हणजे चहाला येणं. भिवंडीत जन्मभर लूम दुरुस्त केलेल्या या माणसाने काकू गेल्यावर स्वतःसाठी एक कायदा केला. चाळीत खोल्या बारा. आजच्या दिवसाला ज्या खोलीच्या नंबराने भाग जाईल, त्या खोलीत चहा. मी सात नंबरवाला, म्हणून माझ्याकडे दर सातव्या दिवशी. कितीही आग्रह करा, मधे नाही. "रोजच्या पावन्याचा चहा पातळ व्हतो," म्हणतात.

दोन नंबरच्या संगीतावहिनींकडे मात्र दिवसाआड स्वारी हजर. वहिनींनी एकदा वैतागून दारावरचा दोन खोडून चौदा केला. काकांनी उभ्या उभ्या चौदाने भागून पाहिलं, भाग गेला, आत येऊन बसले. मग तिथून उठून माझ्याकडे आले, कारण चौदाने गेला की साताने जातोच!

अकरा नंबरच्या रेहानाभाभी उलट रुसलेल्या. "काका, ग्यारह का नंबर कब आएगा?"

"सबका आएगा भाभी, एक ही दिन! सत्तावीस हजार सातशे वीस. एकापासून बारापर्यंत सगळ्यांनी भाग जानारा सगळ्यात ल्हान आकडा. जन्मात पयल्यांदा येतोय. दुसरा येईल तवा मी दीडशे पार!"

राहिले एकोणीस दिवस. काकांनी सायकल बंद केली, गोदामांचे ट्रक जातात तो रस्ता सोडला, आणि कोणी शिंकलं की नाकाला रुमाल. तेवढ्यासाठी जगायचं होतं त्यांना.

तो दिवस उजाडला. इस्त्रीचा शर्ट घालून काका चाळभर फिरले. भाभींनी शेवया केल्या, वहिनींनी मोठ्या ग्लासात चहा दिला, आणि बाराव्या खोलीत काका गळ्यापर्यंत भरले. सगळी चाळ हसून हसून दमली.

दुसऱ्या दिवशी काका नळावर आले नाहीत. वयाच्या पंचाहत्तरीत अकरा घरचे चहा! मी घाबरून त्यांचं एक नंबरचं दार ठोठावलं. काका ठणठणीत बसले होते. पुढ्यात दोन कप.

"आज दोनापासून बारापर्यंत कुनानंच भाग जात न्हाय," ते म्हणाले.

"मग दुसरा कप कुणाचा?"

"एकानं जातो की. एकानं रोजच जातो. ही खोली एक नंबरची." काका कपाकडे बघत राहिले. "मी रोज मांडतो. अजून कुनी भागून बघितलं न्हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठवड्यातून एक कप पाजून इतकी वर्षं मी स्वतःला मोठा दिलदार समजत होतो. मी बसलो आणि दुसरा कप उचलला. चहा निवला होता. सगळा प्यालो.

उठताना काकांनी हळूच विचारलं, "उद्या?"

"उद्या सत्तावीस हजार सातशे बावीस," मी म्हणालो. "एकाने निःशेष भाग जातो."