हा कागद आणणाऱ्यास

फर्र!

दुपारच्या चिडीचूप घरात वहीचं पान फाटल्याचा आवाज झाला आणि टेबलाखाली रुसून बसलेल्या मुंगीने डोकं बाहेर काढलं. मुंगी साडेसहा वर्षांची. दिवसभर काही ना काही उचलून इकडून तिकडे नेत असते, म्हणून मुंगी.

"आई, काय फाडलंस?"

"तुझ्यासाठीच आहे. ये वर."

मुंगीची आई बँकेत होती. नऊ वर्षं एकाच शाखेत, आणि ती शाखा घरापासून दीड तास लांब. आता घरामागच्या दुसऱ्या गल्लीतल्या शाखेचे व्यवस्थापक निवृत्त होत होते आणि त्या जागेसाठी तिने अर्ज केला होता. खुर्चीचं तिला फारसं कौतुक नव्हतं. पण जायचा दीड आणि यायचा दीड, असे रोजचे तीन तास वाचणार होते, आणि ते तिने मनातल्या मनात कधीच मुंगीच्या नावावर जमा करून टाकले होते. त्यासाठी तीन आठवडे रजा काढून ती अभ्यासाला बसली होती. तिसऱ्या शुक्रवारी मुलाखत. अभ्यास ढीगभर! आणि मुंगीची रोजची एकच मागणी, "आई, गोष्ट सांग."

"नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

साध्यासुध्या आईने इथे डोळे वटारले असते, नाहीतर हातात बिस्कीट ठेवलं असतं. पण ही पडली बँकवाली!

"आई, तुम्ही बघाच," ती सासूबाईंना म्हणाली. "पोरीला रडवायचं नाही, अभ्यास बुडवायचा नाही, आणि वर तिला व्याज काय असतं तेही शिकवायचं. एका कागदात तीन कामं!"

"शिकव हो," सासूबाई लोकरीचा गुंडा उलगडत म्हणाल्या. "मला तर मुलाने अजून मोबाइल नीट शिकवला नाही."

फाडलेल्या पानावर तिने झोकात लिहिलं: 'हा कागद आणणाऱ्यास शनिवारी दुपारी चार वाजता अर्धा तास गोष्ट, अधिक पाच मिनिटे व्याज.' खाली सही ठोकली आणि हाताच्या सवयीने सहीखाली कर्मचारी क्रमांकही टाकला.

"याला रोखा म्हणतात," तिने समजावलं. "आज तू मला तुझा अर्धा तास उसना दिलास. मी तो परत देईन, आणि थांबलीस म्हणून पाच मिनिटं वर देईन."

"हा शनिवार?"

"मुलाखतीनंतरचा. तीन आठवड्यांनी."

मुंगीने कागद उजेडात धरून पाहिला, घडी घातली आणि रंगांच्या डब्यात ठेवला. रडणं बंद. योजना अशी चालली की मुंगीच्या आईला स्वतःचाच हेवा वाटावा!

त्याच शनिवारचे पाच कागद सुरळीत गेले. सहाव्याला मुंगी अडून बसली.

"पाच मिनिटांत काय होतं? दात घासून होतात फक्त."

"बरं, दहा."

दहाचे चार कागद झाले. मग दहालाही नकार आला. दर पंधरावर गेला.

"मग माझ्या जुन्या कागदांना पण पंधरा दे," मुंगी म्हणाली.

"तसं नसतं राजा. जुना कागद, जुना दर. आता पंधरावाला मिळत असताना पाचवाल्याला कोण विचारणार? तो विकायचा झाला तर स्वस्तातच जाणार. दर चढला की जुन्या रोख्याची किंमत उतरते." हे वाक्य मुलाखतीत असंच म्हणायचं, असं तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

मुंगीला मात्र त्यातलं एकच कळलं. तिचे डोळे चमकले. "हे विकता येतात?"

"येतात की," मुंगीची आई पुढचं पान उलटत म्हणाली.

ही तिची पहिली चूक. दुसरी चूक बँकेने केली. मुलाखत एक दिवस पुढे गेली. घरूनच, लॅपटॉपवर. शनिवारी, दुपारी चार वाजता.

तारीख वाचून तिला कुठेतरी खटकलं खरं. पण त्या वेळी ती 'सगळी देणी एकाच दिवशी अंगावर येऊ नयेत यासाठी करायची व्यवस्था' हे प्रकरण पाठ करत होती, त्यामुळे लक्ष गेलं नाही.

शनिवार उजाडला. मुंगीचे बाबा कुठल्याशा गोदामातलं शीतयंत्र दुरुस्त करायला सकाळीच गेलेले. चार वाजता मुंगीची आई वरून इस्त्रीचा कुडता आणि खाली घरातली विजार अशा वेशात लॅपटॉपसमोर बसली. पडद्यावर तीन चौकोन, तीन साहेब. मधले मोठे साहेब चष्म्याच्या वरून बघणारे.

"समजा," मोठे साहेब म्हणाले, "तुमच्या शाखेचे सगळे ठेवीदार एकाच दिवशी दारात आले. काय कराल?"

अहाहा! हा प्रश्न तिला झोपेतून उठवून विचारला असता तरी चालला असता.

"सर, मुळात सगळे एकदम येत नाहीत. आले तर ते घाबरून येतात. म्हणून—"

टिंग टाँग!

"—म्हणून त्यांचा विश्वास—"

टिंग टाँग! टिंग टाँग!

सासूबाईंनी दार उघडल्याचा आवाज आला. मग तळमजल्यावरच्या सायकलवाल्या पोराचा.

"आजी, चार वाजले. माझे तीन आहेत. काकू कुठेत?"

"तीन असू देत नाहीतर तेरा. काकूचं काम चाललंय. आज नाही. उद्या या."

दार बंद झालं. एवढंच सासूबाईंचं चुकलं! लगेच जिन्यातून आरोळी उठली, "ए! मुंगीच्या आईचे कागद बुडाले! दारच लावून घेतलं!"

पाठोपाठ अख्ख्या इमारतीच्या चपला जिन्यात वाजायला लागल्या. ज्यांना आज शनिवार आहे याचीही आठवण नव्हती, तेसुद्धा धावत आले. बेल आता थांबेचना. ती मध्येच चिरक्या आवाजात ओरडत होती, शेपटी दारात अडकलेल्या मांजरासारखी!

"मॅडम," डावीकडचे साहेब म्हणाले, "तुमच्याकडे आग वगैरे लागलीय का?"

"नाही सर, विश्वास—"

तेवढ्यात मागच्या गॅलरीतून वाट काढत सायकलवाला थेट तिच्या खांद्याशी उगवला आणि त्याने तीन कागद कॅमेऱ्यासमोर पंख्यासारखे धरले.

मोठे साहेब पुढे झुकले. "जरा स्थिर धर रे बाळ." त्यांनी संथपणे वाचलं. "हा कागद आणणाऱ्यास... अर्धा तास गोष्ट... पंधरा मिनिटे व्याज. मॅडम, हा कर्मचारी क्रमांक आपल्या बँकेचा आहे?"

मुंगीच्या आईला वाटलं, खुर्ची गोल फिरून जमिनीत जाईल तर बरं. पण तिची खुर्ची साधी लाकडाची होती.

"हो सर. घरगुती रोखा आहे. मुलीला दिला होता. तिने... विकलेला दिसतो."

"असे एकूण किती काढलेत?"

"चौदा."

"एकूण देणं?"

हे मात्र तिने तोंडी करून टाकलं. "मुद्दल सात तास, व्याज दोन तास वीस मिनिटं. नऊ तास वीस मिनिटं, सर."

"आणि आज देण्याजोगे हातात?"

"पोरं झोपेपर्यंत... चार तास."

दुसऱ्या गल्लीतली शाखा आपल्यापासून हळूहळू लांब चाललीय, पार दीड तासाच्या पलीकडे, असं तिला स्पष्ट दिसलं. बाहेर बेल किंचाळतच होती. आणि मग तिला आठवलं की अर्ध्यावर राहिलेलं उत्तर आपल्याला येतं.

"सर, दार बंद ठेवलं की बँक बुडते. मी उघडून येते."

तिने दार सताड उघडलं. दारात सहा पोरं, आणि त्यांच्या मागे दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशी, दोन्ही हातांत दोन जुळे नातू धरून.

"माझे चार आहेत," मावशी घाईघाईने म्हणाल्या. "पाचवाले. स्वस्तात पडले, सहा बटणांना एक! हे घे कागद, ही घे पोरं. चार वेळा पस्तीस, म्हणजे सव्वादोन तास तरी आले. सोमवारी शाळेचे गणवेश द्यायचेत गं, मशीनवर बसूच देत नाहीत मेले."

"सगळे आत या," मुंगीची आई मोठ्याने म्हणाली. "कुणाचाही कागद बुडणार नाही. सगळ्यांना आत्ता, इथेच!"

सगळ्यांना आत्ता? बोलून गेल्यावर तिने मनात पुन्हा हिशेब मांडला. मग लख्ख उजेड पडला. पैसा एकाला दिला की तोच दुसऱ्याला देता येत नाही. पण गोष्ट? एकच गोष्ट सगळ्यांना एकदम सांगता येते की! सगळ्यात महाग कागद पंचेचाळीस मिनिटांचा. पंचेचाळीस मिनिटांची एकच गोष्ट, चौदाच्या चौदा कागद चुकते!

मावशींच्या हे लगेच ध्यानात आलं. "म्हणजे माझे चारही एकाच गोष्टीत वटले?"

"चारही आज चारलाच द्यायचे होते, मावशी."

"बँकवाले ते बँकवालेच!" मावशी म्हणाल्या, पण पंचेचाळीस तर पंचेचाळीस, म्हणत नातवांना सोडून पळाल्या.

सायकलवाला आपणहून दरवान झाला. "कागद दाखवा, आत बसा. कागद दाखवा, आत बसा." सगळ्यात शेवटी सासूबाई आल्या आणि त्यांनी कमरेला खोचलेली कागदाची घडी काढून पुढे केली.

"आई, तुम्हीसुद्धा?"

"लोकरीचा गुंडा देऊन घेतला," सासूबाई जरा लाजून म्हणाल्या. "म्हटलं, तीन आठवडे तू पुस्तकात. आपल्यालाही मिळावा अर्धा तास."

मुंगीच्या आईने त्यांना खुर्ची दिली, लॅपटॉप तसाच उघडा ठेवला, आणि चाकं हरवलेल्या बसची गोष्ट सुरू केली. बस पोटावर सरपटत चाकं शोधायला निघाली. पोरं हळूहळू पुढे सरकली. सांगता सांगता तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेली मुंगी दिसली, मांडीवर रंगांचा डबा घेऊन. आत ये, असं तिने मानेने खुणावलं. मुंगीने दरवानाकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. मग बसला पहिलं चाक सापडलं आणि गोष्टीने वेग घेतला.

पाचच्या सुमारास चौथं चाक बसलं. पोरांनी कागद एका टोपलीत टाकले आणि जिना पुन्हा दणाणला. तेव्हा कुठे तिला लॅपटॉपची आठवण झाली. तिन्ही चौकोन जागेवर होते. डावीकडचे साहेब चहा पीत होते.

"तुमच्यानंतर आज कोणी नव्हतं," मोठे साहेब घसा साफ करत म्हणाले, "म्हणून थांबलो. बाकी काही कारण नाही." मग चष्मा पुसत म्हणाले, "सोमवारी पत्र येईल. शाखा तुमची. पण मॅडम, यापुढे 'हा कागद आणणाऱ्यास' लिहू नका. नाव घालत चला."

पडदा काळा झाला. तिने दोन्ही हात वर केले आणि घरातल्या विजारीवर जागच्या जागी एक गिरकी घेतली.

"मुंगी! ए मुंगी! अगं रोज तीन तास! तीन तास मिळाले आपल्याला!"

मुंगी उंबऱ्यावरून उठली. आली, पण नाचली नाही. तिने डब्याचं झाकण उघडलं. आत अकरा रंगखडू, चोवीस बटणं, एक सायकलची घंटी, लोकरीचा एक गुंडा आणि अर्धं खोडरबर होतं. तीन आठवड्यांची सगळी कमाई तिने आईच्या मांडीवर ओतली, खोडरबर नीट सगळ्यांत वर ठेवलं, आणि वर बघत विचारलं,

"आई, एवढ्यात मला किती मिनिटं येतील?"